मागाच्या खड्ड्यातली खुडूक

कोंबडी पाळायलाही नियम असतो, हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं, तेही सकाळची भांडी घासताना. दारात एक माणूस उभा होता. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल. "कोंबड्या तुमच्याच न्हवं? तक्रार आल्या. कोंबडा पाटेचा वरडतोय. घरात कोंबड्या पाळायला परवानगी न्हाय. आठवड्याच्या आत काढायच्या."

मी हातातल्या तवलीसकट तशीच उभी राहिले. कोंबडा पहाटे ओरडतो ही तक्रार! मग त्यानं काय दुपारी जेवण आटोपून, वामकुक्षी घेऊन ओरडावं? दुसरा कुणी असं बोलला असता तर मी तोंडावर हसले असते. पण हा माणूस महापालिकेच्या ऑफिसातून आला होता आणि मी घाबरले, कारण आमच्या घरात त्या दिवशी कोंबडी खुडूक बसलेली होती.

हे जरा सांगायला हवं. आमची गल्ली विणकरांची, सीमाभागातल्या वडगावच्या पलीकडं, शहर संपतं की चालू राहतं हे कुणालाच नीट ठाऊक नाही अशा जागी. सासऱ्यांचा हातमाग होता. ते गेले आणि दोन-तीन वर्षांत मागही गेला, सागवान होतं म्हणून लगेच गिऱ्हाईक मिळालं. मागाखालचा खड्डा तेवढा राहिला. त्या खड्ड्यात पाय सोडून सासरे जन्मभर विणत बसले. तो बुजवून वर फरशी घालू असं आमचे हे कितीदा म्हणाले, पण सासूबाईंनी ऐकलं नाही. त्यांना मी आत्ती म्हणते. "ऱ्हाऊ दे की रं," त्या म्हणायच्या, "तुला काय खायला मागतोय का त्यो खड्डा?" मग एके दिवशी त्या बाजारातून कोंबड्या घेऊन आल्या आणि खुडूक झालेली कोंबडी त्या खड्ड्यातच अंड्यांवर बसवू लागल्या. खाली भुसा, जुनं पोतं, वर झाकायला डालगं, म्हणजे मोठी टोपली; बाकीच्या कोंबड्या आणि कोंबडाही रात्री त्या खोलीच्या कोपऱ्यात. आत्तींची वाकळ त्याच खोलीत, खड्ड्याच्या अगदी काठाला. आम्ही म्हटलं, म्हातारीला विरंगुळा झाला आणि घरात अंडीही झाली.

खुडूक बसलेल्या कोंबडीला जागेवरून हलवायचं नाही, हा आमच्याकडचा दंडक. हलवली की ती रुसते, अंडी टाकून उठते, अंडी गार पडतात आणि पिल्लं आतल्या आत मरतात. आत्ती त्या माणसाला म्हणाल्या, "लेकरा, पिल्लं निघूस्तवर तरी थांब. जीव हाईत आत."

"ते मला सांगू नगा आज्जी. नियम हाय."

मी शाळेत शिकवते. नियम हा शब्द ऐकला की माझ्यातली बाई जागी होते. मी म्हटलं, "नियम आहे ना? मग दाखवा."

तो गोंधळला. मोबाईलकडं बघून म्हणाला, "ऑफिसात हाय."

मग मीच गेले ऑफिसात. पहिल्या खेपेला कन्नडात उत्तर मिळालं, "साहेब्रू इल्ल्री, नाळे बर्री." साहेब नाहीत, उद्या या. दुसऱ्या खेपेला साहेब होते, पण मीटिंगमध्ये होते. तिसऱ्या खेपेला खिडकीतल्या बाईंनी माझं म्हणणं नीट ऐकून घेतलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. पाण्यासाठी लोक येतात, गटारीसाठी येतात, घरपट्टीसाठी भांडायला येतात, पण कोंबडीचा नियम मागायला आलेली मीच पहिली. त्यांनी मला पंचायतीत पाठवलं, कारण त्यांच्या मते आमची गल्ली पंचायतीत होती. पंचायतीनं मला परत पाठवलं, कारण त्यांच्या मते ती शहरात होती. कोंबडी कुणाच्या हद्दीत हे ठरेना, आणि तरी ती काढायची हे मात्र सगळ्यांचं ठरलेलं. मी जनावरांच्या दवाखान्यातही जाऊन आले. तिथले डॉक्टर भला माणूस, त्यांनी कोंबड्यांच्या मानमोडी रोगाच्या लसीबद्दल पाऊण तास सांगितलं आणि शेवटी म्हणाले, पाळायचा नियम आमच्याकडं नसतो.

घरी येऊन मी पर्स आपटली की आत्ती विचारायच्या, "गावला का?"

"नाही."

"गावंल गं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं ऱ्हातंय व्हय?" आणि खड्ड्यात वाकून कोंबडीपुढं कणी टाकायच्या.

मला खरा धक्का बसला तो ऑफिसच्या जिन्यात. आमच्या दारात आलेला तो माणूस डबा घेऊन वर चालला होता. मी त्याला कठड्याशीच अडवलं. म्हटलं, भाऊ, तुम्ही तरी सांगा, नेमका कुठला नियम? काय लिहिलंय त्यात?

त्यानं अगदी शांतपणे सांगितलं, "ते म्या बी वाचल्यालं न्हाय, आक्का. आधीचं साहेब सांगायचं, घरात कोंबड्या चालत न्हाईत म्हणून. मग आमी बी सांगतो."

"किती जणांना सांगितलंत?"

"लई जणांस्नी. आजवर कुणी इचारलंच न्हाय."

राग आला असता तर बरं झालं असतं, रागाची मला सवय आहे. पण तो खोटं बोलत नव्हता, पैसे मागत नव्हता, त्याच्या डोळ्यांत लबाडी नव्हती. न वाचलेल्या नियमावर त्यानं किती खुराडी रिकामी केली असतील, आणि लोकांनी मान खाली घालून ती केलीही असतील. मी कठडा धरून खाली आले आणि चहाच्या गाड्यावर बसून राहिले, चहा न मागता.

मग आठवडा संपायच्या आत मी रीतसर अर्ज दिला. नव्यानं आलेल्या एक बाई अधिकारी होत्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी मात्र शोधून काढलं. मला समोर बसवलं आणि एक-एक वाक्य आधी कन्नडमध्ये वाचून मग माझ्यासाठी मराठीत सांगायला लागल्या. त्यांचं मराठी शिकाऊ, माझं कन्नड बाजारात वापरून गुळगुळीत झालेलं. दोघींचं छान जमलं. घरी कोंबड्या पाळायला बंदी नव्हतीच! जागा स्वच्छ ठेवायची, घाण गटारीत टाकायची नाही, शेजाऱ्यांना उपद्रव होऊ द्यायचा नाही. मी आनंदानं टेबलावर थाप मारणार, एवढ्यात त्यांनी पुढचं वाचलं. ज्या खोलीत माणूस झोपतो, त्या खोलीत पक्षी ठेवायचे नाहीत.

"तुमच्या कोंबड्या बाहेरच असतात ना?" बाईंनी सहज विचारलं.

रोज वर्गात खरं बोला म्हणून सांगणारीनं आता काय करावं? मी खरं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, आता मला कळलंय तेव्हा येऊन बघावं लागेल, गुरुवारी येते.

मी आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला होता. नियम नव्हता तेव्हा निदान भांडता तरी येत होतं. आता नियम होता, तो शहाणा होता, आणि तो नेमका आत्तींच्या खोलीत शिरला होता. रिक्षात मला रडू कोसळलं. गुरुवारच्या आत पिल्लं निघणं शक्य नव्हतं.

आत्ती शेंगा फोडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी ते वाक्य मला पुन्हा म्हणायला लावलं.

"म्हंजे मानूस झोपतंय तितं कोंबडी नगो."

"हो, आत्ती."

"आनि मानूस झोपत नसंल तर?"

"तर चालेल. पण..."

"मग झालं की." त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या, खोलीत गेल्या आणि वाकळ गुंडाळायला लागल्या. लग्न होऊन आल्यापासून ही बाई त्या खोलीत झोपत आलेली. बाळंतपणं तिथं, सासऱ्यांचं आजारपण तिथं. मी म्हटलं, अहो, असं काय करताय, आपण कोंबडीचंच काहीतरी बघू.

"खुडूक बसल्याली कोंबडी हलवत न्हाईत," त्या म्हणाल्या. "मानसाचं काय, कुटं बी बसतंय." आणि वाकळ काखेत मारून स्वैपाकघरात गेल्या.

गुरुवारी अधिकारी बाई आल्या. खड्ड्यात डोकावल्या, कोंबडीनं त्यांच्यावर पिसं फुलवली तशा मागं सरल्या. आज्जी कुठं झोपतात, असं त्यांनी विचारलं. आत्तींनी चुलीशेजारचा कोपरा दाखवला. बाई त्या कोपऱ्याकडं बघत राहिल्या, मग माझ्याकडं, आणि म्हणाल्या की नियमात बसतंय. जाताना त्यांनी आत्तींना वाकून नमस्कार केला, त्याचंही मला नवलच वाटलं.

पिल्लं निघाली. यांनी मागच्या परड्यात, पडवीला लागून, पत्र्याचं नवं खुराडं बांधलं; आई, पिल्लं, कोंबडा, सगळी तिकडं गेली. तक्रार कुणी केली ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी उगीचच निम्म्या गल्लीशी अबोला धरला होता, तो हळूहळू सोडला. मग मी आत्तींची वाकळ उचलली आणि खोलीत नेऊन अंथरली. म्हटलं, चला, तुमची खोली मोकळी झाली.

त्या उंबऱ्यावरच थांबल्या.

"नगो गं. तितं झोप येत न्हाय."

"इतकी वर्षं येत होती की."

"माग चालत हुता तवर येत हुती. ह्यांचा हात चालू आसला की मी निवांत झोपायची. हे गेलं, माग गेला, आनि खोली अशी गप्प झाली की डोळ्याला डोळा लागंना. म्हनून तर कोंबड्या आनल्या. बसल्या जागी कुरकुर करत्यात, कोन तरी हाय वाटतंय."

इतकी वर्षं एका घरात राहून मी त्या कोंबड्या अंड्यांसाठीच आणल्या असं धरून चालले होते. "मग स्वैपाकघरात? इतके दिवस?"

"पडून ऱ्हायची," आत्ती म्हणाल्या. "पिल्लं निघूस्तवरचाच तर परश्न हुता."

त्यांनी माझ्या हातातून वाकळ घेतली आणि मागच्या दारानं पडवीत गेल्या. खुराड्याला लागून जागा झाडली, अंथरलं. मग माझ्याकडं वळून विचारलं, "हितं चालतंय का गं नियमात?"

मी म्हटलं, चालतं. आणि कुणाला विचारायला गेले नाही.