सुरीने कोरलेला जबडा

बाजारपेठेत त्यांना 'मिशीवाले' म्हणत. त्यांच्या स्वतःच्या ओठावर मात्र मिसरूडही धड नव्हते. फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत, खिडकीशी तिरक्या बसवलेल्या चौकटीवर निगेटिव्हची काच ठेवून ते लोकांचे चेहरे दुरुस्त करत, हवी त्याला मिशीही देत. निगेटिव्हचा न्याय उलटा. पेन्सिल फिरवली की फोटोत ती जागा उजळते, सुरीने खरवडली की काळी पडते. पेन्सिल पुसता येते. खरवडलेले परत येत नाही. म्हणून सुरी चालवायची ती नकलेवर, मूळ काचेवर कधीच नाही, हा या धंद्यातला पहिला धडा.

देश नवा होता, निवडणुका नव्या होत्या. भाषणांतून प्रजासत्ताकाला कधी कोवळे पोर म्हटले जाई, कधी अब्रू राखायची बाई. दोन्हीकडे राखणदार पुरुषच लागे, आणि तोही भिंतीवर शोभेल असा.

मिशीवाल्यांचा मेहुणा, बायकोचा भाऊ, शाळेत भूगोल शिकवी. ऐन तारुण्यात तुरुंग भोगून आलेला, अंगाने काटकुळा, हसताना तोंडावर हात धरणारा. बहिणीकडे आला की थेट स्वयंपाकघरात शिरे आणि ओट्याशेजारच्या स्टुलावर बसून शेंगा सोलता सोलता तिच्याशी गप्पा मारी. पक्षाने त्याला उमेदवारी दिली, तेव्हा त्याचा स्टुडिओतला एकुलता फोटो पाहून चिटणिसाने विचारले, की हा गृहस्थ मते मागतोय की रजा? भित्तिपत्रके त्याच दिवशी छापखान्यात जायची होती. नक्कल काढून वाळवण्याइतकीही सवड नव्हती. मिशीवाल्यांनी सुरी मूळ काचेवर धरली. मऊ हनुवटीखाली सावली कोरली, गालफडे बसवली, ओठावर मिशी उठवली. काम सुरेख उतरले.

पहिल्या सभेला लोकांनी जयघोष केला तो पक्षाच्या ट्रकचालकाचा. मिशी त्याला होती. त्या हशानंतर मेहुण्याने मिशी राखली. निवडून आला, पुन्हा आला. हळूहळू आवाज मिशीला शोभेसा झाला. बहिणीकडे येई तेव्हा बाहेरच्या खुर्चीतूनच पाणी मागे, आणि सभागृहात टेबलावर आपटायची मूठ घरीही आपटू लागला. सोबतची माणसे दारात उभी असत. त्यांच्यादेखत शेंगा कोण सोलणार?

तो गेला तो पदावर असताना. शहरभर तोच जबडा लागला. बहिणीने नवऱ्याजवळ एकच गोष्ट मागितली.

"अहो, दुकानात दादाची जुनी काच असेल ना? मिशीच्या आधीची. तेवढा एक फोटो मला द्या."

"बघतो," मिशीवाले म्हणाले. मूळ काचेचे त्यांनी घरी कधी सांगितलेच नव्हते.

त्यांनी काच शोधून काढली. मिशी पेन्सिलने भरून निघाली, खाली ओठही सापडले. अडले ते हनुवटीशी. आठवू गेले की भित्तिपत्रकच आठवे. इतकी वर्षे खऱ्या माणसाकडेही त्यांनी चित्राशी ताडूनच पाहिले होते. शेवटी तुझाही एक फोटो काढू, असे निमित्त करून त्यांनी बायकोला स्टुडिओत बोलावले, खिडकीशी बसवले आणि तिच्या चेहऱ्यावरून ती मऊ गोलाई काचेवर उतरवली. भावंडेच ती; जमून गेले.

छापलेला फोटो तिने उजेडात धरला.

"हा दादा नाही," ती म्हणाली. "ही मी आहे."

मग त्यांना सांगावेच लागले. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "तुम्ही तेव्हाच बोलला असतात, तर त्याला हाताला धरून दुसऱ्या फोटोला आणला असता मी. तेव्हा यायचा तो."

फोटो मात्र तिने परत दिला नाही. घरी आल्यावर ओट्याशेजारी, स्टुलावर बसलेल्या माणसाचे डोके जिथे येई त्या उंचीवर, तिने नवऱ्याला खिळा ठोकायला लावला.