घरचीच डॉक्टरीण

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, माहेरी नाही. एकदा कार्ल्सरूहेहून परत येताना गाडीत एका अनोळखी जर्मन बाईजवळ जीभ वळवळली होती, पण तिचं स्टेशन आलं, ती उतरली आणि मी सुटले. आज तुम्हाला सांगते. का, ते विचारू नका. मला तरी कुठे ठाऊक आहे?

आधी आमची ओळख करून देते. २००७ सालची गोष्ट. आम्ही लुडविग्सहाफेनला राहत होतो. प्रशांत, माझा नवरा, तिथल्या एका केमिकल कंपनीत केमिस्ट. मी फिजिओथेरपिस्ट. नागपूरला शिकले, इथे येऊन जर्मन घोकली, परत परीक्षा दिल्या आणि राइन नदीच्या पलीकडच्या एका रिहा-क्लिनिकमध्ये, म्हणजे पुनर्वसन केंद्रात, लागले. तिथे मान आणि हाताच्या दुखण्यावर संशोधन चाललं होतं. कारखान्यात दिवसभर हात वर धरून काम करणारी माणसं, कॉम्प्युटरसमोर मान पुढे काढून बसणारी माणसं आमच्याकडे यायची. त्यांच्या मानेवर, खांद्यावर मी एक छोटं यंत्र टेकवायची. पुढे रबराची टोपी असायची. दाब हळूहळू वाढवत न्यायचा, आणि जिथे दाब संपून दुखणं सुरू होतं तिथे पेशंटने 'स्टॉप' म्हणायचं. म्हटल्याबरोबर हात उचलायचा.

आमच्या प्रोफेसरबाई त्या बाबतीत फार कडक होत्या. स्टॉप हाइस्ट स्टॉप, थांब म्हणजे थांब, हे त्यांचं पालुपद. कुणी 'आउआ' केलं, कुणी नुसते ओठ चावले, कुणी आईला हाक मारली, तरी तो स्टॉपच समजायचा. मी त्यांची लाडकी होते. तुझा हात फार हलका आहे, म्हणायच्या. हलका! ऐका जरा.

निहार तेव्हा दोन वर्षांचा. त्याला सांभाळायला सासूबाई अकोल्याहून आल्या. आम्ही त्यांना आईच म्हणायचो. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून रिटायर झालेल्या, आवाज खणखणीत, जीभ त्याहून खणखणीत. साखरेचा त्रास, आणि उजवा खांदा जखडलेला. हात खांद्याच्या वर जायचा नाही. केस विंचरता यायचे नाहीत, ब्लाउज घालताना डोळ्यांत पाणी यायचं. प्रशांत म्हणाला, आपली घरचीच डॉक्टरीण आहे की! मग मी रोज त्यांना हॉलमध्ये चटईवर झोपवून व्यायाम द्यायला लागले. मी म्हटलं, अहो आई, सहन होईनासं झालं की पुरे म्हणा, मी लगेच सोडते. आणि सोडायचेही. खरंच सोडायचे. हात चांगला सुटायला लागला होता. एक दिवस त्यांनी स्वतःच्या हाताने अंबाडा घातला आणि आरशात बघून म्हणाल्या, बाप्पा, जमलं की वं!

म्हणजे बघा, त्या दुष्ट नव्हत्या. हे मला आधीच सांगून टाकू द्या, नाहीतर पुढचं ऐकताना तुम्ही माझी बाजू घ्याल.

दिवसभर निहार त्यांच्याजवळ. मी संध्याकाळी ट्रॅम पकडून धावतपळत घरी यायचे, दारातून हात पसरायचे, आणि तो? तो आजीच्या पदरात तोंड लपवायचा. 'नाइन, नाइन!' आई येण्याआधी क्रिपमध्ये, म्हणजे पाळणाघरात, शिकलेला तेवढा एक जर्मन शब्द त्याने माझ्यासाठीच राखून ठेवला होता. मी हसून न्यायचे. पोरगं लहान आहे, होतं असं. पण आत काय व्हायचं ते कुणाला सांगणार? दूध पाजताना मी त्याला अर्धवट सोडून कामाला गेलेली होते. त्याच्या पहिल्या पावलाला मी कुठल्यातरी वेल्डरची मान दाबत बसलेली होते.

एका मंगळवारी मी लवकर घरी आले. आई आतल्या खोलीत फोनकार्डावर संगीताताईंशी, म्हणजे माझ्या नणंदेशी, बोलत होत्या. मी बूट काढत होते. आणि मला ऐकू आलं, "पोट्टं दिवसभर मलेच बिलगून राह्यते वं. माय कोन आहे, ते त्याले ठावंच नाही. हे आपली तिकडं परक्या बाप्यायच्या माना दाबून राहिली." आणि हसल्या. दोघी हसल्या असतील, पलीकडचं मला ऐकू आलं नाही.

मी बूट हातात घेऊन तशीच उभी. सांगते, माझ्या कानशिलात कुणीतरी दिल्यासारखं झालं. खोटं बोलल्या असत्या तर मी भांडले असते. मी भांडायला कमी नाही, आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, नाकावर राग घेऊनच जन्मले. पण खरं बोलल्या होत्या ना! खऱ्याशी काय भांडणार? मी आत जाऊन चहा टाकला. त्यांनाही दिला. साखर न घालता, त्यांना चालते तशी.

शनिवारी घरात आम्ही दोघीच होतो. सकाळची वेळ, खिडकीतून ऊन चटईवर आलेलं. त्या आडव्या झाल्या, मी गुडघ्यावर बसले. एका हातात त्यांचं कोपर, एका हातात मनगट. कातडी मऊ, सैल, आत हाड बारीक. साठीपलीकडच्या, साखर असलेल्या बाईचं हाड कसं असतं, किती ताण घेतं, कुठे हात आखडायचा, हे मला शिकवायला लागत नव्हतं. त्याचाच मी पगार घेत होते.

हात वर नेला. रोजच्या जागी आला, जिथे मी थांबायची. आणि थांबले नाही.

आई म्हणाल्या, पुरे.

मला ऐकू आलं. नीट ऐका तुम्ही: मला स्पष्ट ऐकू आलं. मी आणखी दाबला. त्यांचा डावा हात चटईवर आपटायला लागला. थप, थप, थप. पुरे वं माय! माझ्या तोंडून काय निघालं माहीत आहे? "कोणाची माय?" दातावर दात दाबून म्हणाले. "कोणाची माय, आई? सांगा ना!" त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. तेव्हा त्यांना कळलं, की हा व्यायाम नाही. त्या उठायला गेल्या. मी माझा गुडघा त्यांच्या छातीवर ठेवला, हो, ठेवला, माझ्या सासूच्या छातीवर गुडघा ठेवला, आणि अंगाचा सगळा भार घालून हात बाहेरच्या अंगाला पिळला. ओला टॉवेल पिळावा तसा.

खट्ट झालं. शाळेतली लाकडी पट्टी मोडते ना, तसंच. त्या ओरडल्या ते त्याच्यानंतर. मी आजवर इतकी दुखणाऱ्या माणसांची तोंडं बघितली, पण तसा आवाज कधी ऐकला नव्हता. हात माझ्या हातात लोंबत होता, खांद्यापासून वेगळाच.

आणि मला काय वाटलं? सांगायलाच बसले आहे तर सगळंच सांगते. बरं वाटलं. क्षणभर, पण इतकं बरं वाटलं, की वर्षानुवर्षांचं काहीतरी बाहेर पडल्यासारखं.

मग भीती. परवाना जाईल, नोकरी जाईल, पोलीस येतील. मी उठले, बाथरूममध्ये गेले आणि फरशीवर बादलीभर पाणी ओतलं. पायपुसणं लाथेने कोपऱ्यात उडवलं. मग ॲम्ब्युलन्सला फोन केला. या क्रमाने केलं मी. आधी पाणी, मग फोन. त्या बाहेर विव्हळत होत्या.

हॉस्पिटलच्या नोटआउफनामेत, म्हणजे तातडीच्या विभागात, एक तरुण डॉक्टर होता. एक्सरे झाला, दंडाचं हाड खांद्याजवळ मोडलं होतं. त्याने विचारलं, कसं झालं? आईंना जर्मन येत नाही, इंग्रजी तुटकं. दुभाषी कोण? मीच. मी त्यांना मराठीत विचारलं, डॉक्टर विचारतायत कसं झालं. त्या पांढऱ्याफटक पडलेल्या, घाम सुटलेला. माझ्याकडे न बघता, डॉक्टरच्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "सांग त्याले, सुनेनं मोडला म्हणा."

मी डॉक्टरला जर्मनमध्ये सांगितलं, त्या म्हणतायत, बाथरूममध्ये पाय घसरला.

डॉक्टरने मान हलवली. अरेरे, म्हणाला, या वयात होतं असं. तुम्ही त्याच क्षेत्रातल्या आहात, बरं झालं. आई त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी खरं सांगितलं होतं, आणि तो त्यांच्याकडे बघून दयेने हसत होता. तेव्हा त्यांना काय कळलं असेल, ते मी इतक्या वर्षांत पुष्कळदा मनात आणायचा प्रयत्न केला. नाही येत.

प्रशांत धावत आला, निहार खांद्यावर. आता मराठी समजणारा माणूस समोर होता, पोटचा पोरगा. मी भिंतीला टेकून उभी होते. आता बोलतील. आता सगळं गेलं. त्यांनी प्रशांतकडे बघितलं, निहारकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "घसरली रे बापा बाथरूमात." एवढंच. मुलाचं घर मोडू नये म्हणून? माझी लाज राखायला? की आता सांगून उपयोग नाही म्हणून? मी विचारलं नाही. विचारायला तोंड लागतं.

पुढचं ऐकून तुमच्या अंगावर काटा येईल. हाड जुळल्यावर व्यायाम कोणी द्यायचा? सगळ्यांचं एकच, घरचीच डॉक्टरीण आहे की! व्हिसा वाढवून घेतला. आणि रोज सकाळी त्याच चटईवर, त्याच हातांत, त्या आपला तोच दंड देत होत्या. डोळे मिटून. दुखतंय का, म्हणून विचारलं तरी हूं नाही की चूं नाही. मी शपथेवर सांगते, मी तेव्हा कापसासारखा हात लावत होते. पण माझ्या एका स्पर्शाबरोबर त्यांचं सगळं अंग लाकूड व्हायचं. जिचं पोट पेशंटच्या 'थांब'वर चालत होतं, तिच्यापुढे आता थांबच न म्हणणारा पेशंट होता. कळ कुठे सुरू होते ते मला कधीच कळलं नाही. हात खांद्याच्या वर पुन्हा गेला नाही.

त्या अकोल्याला परत गेल्या. विहारात वंदनेला सगळे हात जोडून कपाळाशी नेतात, आईंचे हात छातीशीच थांबायचे, असं संगीताताई फोनवर सांगायच्या. पण वहिनी, तू होतीस म्हणून एवढा तरी हलतो, हेही त्याच सांगायच्या. मी काय म्हणायचे? 'माझं कर्तव्यच आहे ते ताई' म्हणायचे.

क्लिनिकमधलं ते संशोधन संपलं तेव्हा प्रोफेसरबाईंनी मला कार्ल्सरूहेला भाषण करायला पाठवलं. पेशंटचा शब्द हाच शेवटचा, यावर मी बोलले. छान बोलले. टाळ्या मिळाल्या. परतीच्या गाडीतच ती बाई भेटली होती, जिला सांगायचं राहून गेलं.

आई गेल्या वर्षी गेल्या. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सगळा गोतावळा जमला होता. संगीताताई माइकवर उभ्या राहिल्या, रडत रडत म्हणाल्या, सून असावी तर अशी, आमच्या वहिनीने आईचा मोडका हात महिनोन्महिने हातात घेऊन जगवला. लोक वळून माझ्याकडे बघायला लागले. मी मान खाली घातली. नम्र दिसले असेन. निहार, आता माझ्याहून उंच झालेला, त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मी तो ठेवू दिला.

इथवर सांगितलं, तरी एक ठेवून घेतलं होतं. तुम्हाला वाटलं असेल, रागाच्या भरात झालं. फोनवरचं ऐकलं, डोकं फिरलं, हात सुटला. मीच तसं सांगितलं तुम्हाला. पण ऐकलं मंगळवारी आणि मोडला शनिवारी. मधले दिवस मी रोज व्यायाम दिला, रोज पुरे म्हटलं की थांबले, रोज त्यांना चहा दिला. शुक्रवारी प्रशांतला म्हटलं, उद्या निहारला घेऊन तू प्राणिसंग्रहालयात जा, हत्ती दाखव त्याला, दुपारपर्यंत येऊ नकोस. तो म्हणाला, तूही चल, आईलाही घेऊ. मी म्हटलं, नको, आईंचा व्यायाम राहून जाईल.