हेल्मेट पोडु!

बाबांच्या साइटवर सिमेंट कमी पडतं, किस्से कधीच नाही! मी बारावीत दोनदा आपटले, म्हणून बाबांनी मला इथं तमिळ मुलखात, ओरगडमच्या साइटवर रजिस्टर लिहायला बसवलं. एका फॅक्टरीच्या भिंतींना प्लास्टर करायचं बाबांचं कंत्राट. वेस्ट मांबलमच्या घरून धक्के खात पोचायचं, आणि पोचल्यावर कोण? बबन मेस्त्री! सोलापूरचा माणूस. हात सोन्याचा, डोकं... जाऊ दे!

*

कंपनीचे सेफ्टी ऑफिसर तमिळ. पहिल्याच दिवशी मेस्त्रीला ओरडले, "हेल्मेट पोडु! हेल्मेट पोडु!" पोडु म्हणजे घाल. मेस्त्रीनं हातोडा उचलला आणि कोरं करकरीत हेल्मेट फोडलं!

"अगं, साहेबच म्हणाले की, फोडू फोडू!"

पहिलं वॉर्निंग पत्र. तीन झाली की काम बंद, सगळे घरी.

*

मग सेफ्टीचा पट्टा. मेस्त्री उंच परांचीवर, पट्टा बांधून, ऐटीत. ऑफिसर वर चढून बघतात तर पट्ट्याचा हूक पाइपला नाही, त्याच पट्ट्याला अडकवलेला!

"अडकव म्हणालात, अडकवला. कुठं, ते कोण बोललं?"

सांगा आता! पडला असता तर पट्ट्यासकट पडला असता. दुसरं पत्र.

*

कायद्यानं साइटवर फर्स्ट एडची पेटी लागते. आमच्याकडे होती. मी उघडली, तर आत तंबाखू आणि चुना!

"मेस्त्री, हे काय?"

"मला यानंच बरं वाटतं!"

*

काशीमावशी सिमेंटचा माल कालवते आणि हेल्मेटात भाजी ठेवते. एकदा मी उगाच बोंबलले, "इन्स्पेक्टर आला!" मावशीनं घाईत हेल्मेट डोक्यावर उपडं केलं. टोमॅटो, मिरच्या, कोथिंबीर, सगळं अंगावर! मी हसून लोळले.

बाबा नाही हसले. "चिमे, एकच पत्र उरलंय. ते आलं तर ही वीस माणसं कुठं जातील?"

मग बाबांनी मेस्त्रीला परांचीपाशी उभं केलं. "हेल्मेटशिवाय कुणाला परांचीखाली सोडायचं नाही. माझा बाप आला तरी नाही!"

*

आणि खरा इन्स्पेक्टर आला. सरकारी! मागे सेफ्टी ऑफिसर, कंबरेत वाकलेले. इन्स्पेक्टरसाहेब उघड्या डोक्यानं सरळ परांचीखाली निघाले. मेस्त्री आडवा!

"साहेब, हेल्मेट पोडु!"

ऑफिसर पांढरे पडले. बाबा हेल्मेट शोधायला धावले. जवळ डोक्यावर नसलेलं हेल्मेट एकच, मावशीचं. तिनं भाजी पदरात ओतली आणि दिलं.

साहेबांनी घातलं. फिरले, रजिस्टर बघितलं, हेल्मेट काढलं. आतल्या पट्टीत एक हिरवी मिरची! चिमटीत धरून मेस्त्रीच्या नाकासमोर नाचवली.

"एन्न इदु?"

हे काय, एवढं तमिळ मेस्त्रीलाही कळतं. त्यानं परांचीला टांगलेल्या लिंबू-मिरचीकडे बोट केलं.

"नजर लागू नये म्हणून, साहेब!"

साहेबांनी मिरचीकडे बघितलं, परांचीकडे बघितलं. मिरची खिशात टाकली आणि जीपमध्ये बसले.

तिसरं पत्र अजून आलं नाही. मिरची पण नाही.