मोडेमचा बस्ता

मी कॉम्प्युटरवर विंडोज काढून लिनक्स घातलं ते निव्वळ हट्टानं. जयपूरच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारी बाई, मी कशाला कुणाच्या विंडोजची मिंधी राहू? पण इंटरनेटसाठी आत बसवलेलं मोडेम लिनक्सवर हूं की चूं करेना.

सी-स्कीम भागातला कॉम्प्युटरचा दुकानदार म्हणाला, "मॅडमजी, विंडोज डाल लीजिए, सब चलेगा."

माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर चादरीत गुंडाळला आणि ऑटोनं थेट त्याच्या दुकानात नेला. लग्नाच्या बस्त्याला आमच्याकडच्या बायका साडीच्या दुकानात ठाण मांडतात आणि शेवटची घडी मोडल्याशिवाय उठत नाहीत. मी तशीच बसले. तो एकेक मोडेम काढी, मी जोडून बघे आणि म्हणे, "दूसरा दिखाइए."

संध्याकाळी त्यानं वैतागून माळ्यावरचं, धूळ खात पडलेलं, बाहेरून जोडायचं एक जुनं मोडेम खाली काढलं. दुकानाच्या फोनला लावताच ते किंचाळलं, खरखरलं, आणि माझ्या लिनक्सवर माझी मेल उघडली! टाळी दुकानदारानंच वाजवली.

मग काय, घरी मी सुटले. मोडेम फोनच्याच लाइनवर चालायचं, त्यामुळे इंटरनेट चालू असलं की घरचा फोन कुणालाच लागत नसे.

आठवड्यानं त्याच दुकानदाराचा फोन आला. "मॅडमजी, एक लिनक्सवाले ग्राहक बैठे हैं. कौन-सा मोडेम दूँ? सुबह से लगा रहा हूँ, आपका फोन एंगेज ही आता है!"

"वो तो आएगा ही," मी म्हटलं.