अस्तरापुरता डाग

शिंपिणीला आधी दिसले ते रंगाऱ्याचे हात. माणूस नंतर दिसला. उजवा हात कोपरापर्यंत हिरवा, डावा जांभळा. विटलेला कोट रंगवायला आलेली ती ओठ चावून हसू दाबत उभी राहिली, तर यानेच विचारलं, कोणत्या हाताने घेऊ? पुढे तीस वर्षं संसार झाला. त्या हातांना साबण लावून ती थकली, हसायची मात्र थांबली नाही.

रंग ओळखण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यामुळे एका सकाळी लघवी लालसर झाली, तेव्हा ओठांतली सिगारेटही न काढता त्याने बायकोला सांगून टाकलं, की रंगाऱ्याचं सगळंच रंगीत, त्यात नवल ते काय! दुखत नव्हतं, जळजळ नव्हती. दोन दिवसांत लाली गेली. महिन्याने पुन्हा आली. रंग अंगात मुरलाय, उतरेल, म्हणाला.

शिंपिणीने सुई खाली ठेवली.

"अहो, या आठवड्यात हौदात कोणता रंग होता?"

"निळा. गणवेशांचा."

"आणि मागच्या खेपेला?"

"तेव्हाही निळाच."

"मग हा लाल कुठून आला?"

रंगाऱ्याने ओठांतली सिगारेट काढून विझवली.

दुसऱ्या दिवशी ती त्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी समजावलं, न दुखता आलेलं रक्त एकदाच दिसलं तरी तपासायचं. थांबलं म्हणजे बरं झालं, असं नसतं. सिगारेट हे सर्वांत मोठं कारण, आणि जुन्या रंगांतली काही रसायनंही. लघवीच्या वाटेने घातलेल्या दुर्बिणीतून मूत्राशयात गाठ दिसली. त्याच वाटेने ती खरवडून काढली, पोटावर टाकासुद्धा पडला नाही. दिसत होता कर्करोगच. पण कुठवर गेलेला? काही गाठी आतल्या अस्तरापुरत्या राहतात, काही खालच्या स्नायूत शिरतात. सगळं त्यावर होतं. अहवाल येईपर्यंत आठ दिवस शिंपिणीच्या हातून एक शिवण सरळ आली नाही.

अहवाल आला. अस्तरापुरतंच.

"म्हणजे अस्तर उसवलंत, कोट शाबूत," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंना हे फार आवडलं. पण डागाला पुन्हा उमटायची खोड आहे, औषध घ्यायचं आणि तपासणी चुकवायची नाही, असं त्यांनी बजावलं.

"पक्का रंग दिसतोय," रंगारी म्हणाला, आणि तिघंही हसली.

याला तीन वर्षं झाली. डाग पुन्हा उमटलेला नाही. सिगारेट सुटली. आता तो कोपरापर्यंत रबरी हातमोजे घालून हौदापाशी उभा राहतो, त्यामुळे नवऱ्याचे हात मुळात गव्हाळ आहेत हे शिंपिणीला साठीत कळलं. त्याची पुढची तपासणी येत्या मंगळवारी आहे.