दुर्बीण फाटा

चहा आधी खाली ठेवा, मग सांगतो. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा एका मित्राच्या नाकातून चहा आला, आणि त्याचंही खापर माझ्यावरच फुटलं!

नाशिकच्या पेपरात माझं अख्खं आयुष्य भांडण्यात गेलं. अधिकाऱ्यांशी भांडलो, ठेकेदारांशी भांडलो. मथळ्यातला एक शब्द बदलला म्हणून आमच्या तरुण संपादकाशी तर असा भांडलो, की त्या दिवसापासून तो माझ्या बातमीला हात लावत नाही. 'काका, तुमचं तुम्ही बघा,' म्हणतो आणि छापतो. हा मी माझा विजय समजत होतो. ऐका पुढे.

माझा ठेवणीतला विषय एकच. नाशिकवर अन्याय! कुठलाही मोठा प्रकल्प घ्या, पुण्याला जातो, नाहीतर नागपूरला. आमच्या वाट्याला काय? कोनशिला! हा मथळा मी इतक्यांदा दिलाय, की 'नाशिकवर' एवढं टाइप केलं की 'अन्याय' हा शब्द माझा फोनच सुचवतो.

तर थंडीचे दिवस. सकाळी टपरीवर उभा होतो, तेवढ्यात मोबाइलवर एक प्रेसनोट आली. नवी अवरक्त दुर्बीण येते आहे. आपल्या डोळ्यांना उजेड दिसतो, हिला उष्णता दिसते. धुळीच्या ढगांआड लपलेले तारेसुद्धा हिच्यापासून सुटणार नाहीत. मात्र ती स्वतःच तापली तर तिला स्वतःचीच ऊब दिसत राहील. म्हणून तिच्यासाठी अतिशय थंड, कोरडी आणि अंधारी जागा निवडण्यात आली आहे.

झालं! माझं डोकं फिरलं.

निवडण्यात आली आहे? कुणाला विचारून? अहो, थंडी म्हणजे निफाड! दर हिवाळ्यात निफाडचा पारा आम्ही पहिल्या पानावर छापतो, तो काय हौस म्हणून? द्राक्षांना गारठा लागू नये म्हणून तिथले लोक पहाटे बागांतून शेकोट्या पेटवतात. आणि दुर्बीण नेणार कुठे? तर कुठल्यातरी डोंगरावर, कुणातरी बड्या पुढाऱ्याच्या मतदारसंघात. माझी खात्रीच होती!

प्रेसनोटच्या खाली निळ्या अक्षरांत 'पुढे वाचा' असं होतं. पण मला सांगा, संतापलेला माणूस पुढे वाचतो का? तो लिहायला बसतो.

दुसऱ्या दिवशी बातमी झळकली. 'थंडी आमची, दुर्बीण कुणाची?'

मथळ्यावर मी स्वतःच खूश. आठ वाजता पहिला फोन आला तो मोगरवाडीच्या सरपंच इंदूताईंचा. मोगरवाडी निफाड तालुक्यातलं लहानसं गाव. गावच्या फाट्यावरून बस जाते, पण थांबत नाही. मी त्यावर वर्षानुवर्षं लिहीत होतो, आणि बस वर्षानुवर्षं न थांबता जात होती.

'दादा, ती दुर्बीण आमच्या माळावर बसवा,' ताई म्हणाल्या. 'थंडी म्हणाल तर दात वाजत्यात. आन् लाइट निम्मा वेळ नसतीच, म्हंजी अंधार बी हाय!'

'ताई, गाव जागा देईल?'

'देतो की! पण एक सांगू? मला ते तारं-बिरं काय नको. दुर्बीण आली म्हंजी बघाय माणसं येतील. माणसं आली म्हंजी बस थांबंल. आमच्या कालेजच्या पोरी मागल्या थांब्यावर उतरून उसाच्या कडंकडंनं चालत येत्यात. उसात बिबट्या हाय, दादा. माझ्या पुतणीनं परवा त्याचं शेपूट बघितलं. तेवढं शेपटावर भागलं.'

आता सांगा, कुठला पत्रकार गप्प बसेल? मी दुसरी बातमी ठोकली. 'मोगरवाडी जागा देण्यास सज्ज!'

मग जो काही प्रतिक्रियांचा पूर आला म्हणता! पिंपळगाव बसवंतचे कोल्ड स्टोरेजवाले दगूनाना फोनवर इतके जोरात बोलले की शेजारच्या टेबलावर ऐकू गेलं. 'माझा एक चेंबर रिकामा हाय! द्राक्षं टिकत्यात, मंग दुर्बिणीला काय धाड भरलीय?'

देवळाली कॅम्पातल्या एका निवृत्त सुभेदारांनी हरकत घेतली. 'आमच्या तोफांच्या सरावाने काच तडकेल.' त्यांच्याशी मी अर्धा तास भांडलो. तोफांचं तोंड दुसरीकडे फिरवा, इथपर्यंत गेलो! एका बागायतदाराला दुर्बीण आधी स्वतःच्या बागेवर फिरवून हवी होती, गारठा नेमका कुठे बसलाय ते बघायला. आणि गंगापूर रोडच्या एका बाईंनी विचारलं, 'तिला ऊब दिसते, म्हणजे घरात कोण कोण आहे तेही दिसेल का? आमचे हे ऑफिसला सांगून जातात, ते खरंच तिथे असतात का?'

सगळं छापलं. फोटोसकट!

शेवटी मोगरवाडीने माळावर ग्रामसभा ठेवली. भर दुपारी मांडव. प्रमुख पाहुणा कोण? फेटा बांधलेला मी! दुर्बिणीची माहिती सांगायला नाशिकच्या एका कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या जोशी मॅडमना बोलावलं होतं. पेपरात एवढं गाजतंय म्हटल्यावर बस डेपोचे व्यवस्थापकही आले होते. त्यांनी उठून माईकवर जाहीर केलं, 'दुर्बीण पाहायला येणाऱ्यांची गैरसोय नको, म्हणून उद्यापासून प्रत्येक बस फाट्यावर थांबेल.'

काय टाळ्या पडल्या! इंदूताईंनी पदराने डोळे टिपले. मागे बसलेल्या पोरींनी चक्क शिट्टी वाजवली.

मग मी उठलो. फेटा सावरला, माईक हातात घेतला आणि तोफ डागली. 'ही दुर्बीण कुठल्या डोंगरावर पळवताय, त्या डोंगराचं नाव सांगा! आज, इथे, या जनतेसमोर सांगा!'

मांडव गाजला. जोशी मॅडम मात्र गोंधळून माझ्याकडे बघत होत्या.

'सर, डोंगरावर नाही.'

'मग कुठे?'

'चंद्राच्या पलीकडे.'

'म्हणजे?'

'अवकाशात, सर. रॉकेटने जाणार आहे ती. प्रेसनोटच्या दुसऱ्या परिच्छेदात आहे ना.'

मला एकदम माझ्या फेट्याचा भार जाणवायला लागला.

मग पिंपळगावहून खास आलेल्या दगूनानांचा आवाज आला. 'मंग चेंबर लागणार नाय?'

आणि मांडव जो फुटला! म्हातारे हसताहेत, बाया तोंडावर पदर धरून हसताहेत, फेटा बांधणारासुद्धा हसतोय. हसत नव्हतं फक्त एक माणूस. इंदूताई. त्यांची नजर व्यवस्थापकांवर होती, कारण ते हळूच उठून घसा खाकरत होते.

'म्हणजे... दुर्बीणच नाही म्हटल्यावर थांब्याचा जरा फेरविचार...'

'साहेब,' इंदूताई जागच्या उठल्या. 'दुर्बीण वर जाऊ द्या न्हाईतर खाली येऊ द्या. तुम्ही आत्ता माईकवर बोलला. अख्ख्या गावानं ऐकलं. आन् हे पेपरवाले दादा समूरच हायेत. काय दादा, उद्या छापून येणार ना?'

सगळा मांडव माझ्याकडे वळला. मी तोंडावर आपटलेला माणूस. पण आवाज तर शाबूत होता!

'येणार!' मी गरजलो. 'पहिल्या पानावर! तुमच्या फोटोसकट, साहेब!'

साहेब खाली बसले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर बस थांब्याची बातमी, आणि आत माझ्या चुकीची दुरुस्ती. ती संपादकाने पुढ्यात घेऊन दोनदा वाचली. म्हणाला, 'काका, ह्यात एक शब्दही बदलायची इच्छा होत नाही.' नालायक!

पण बस थांबते हो! पोरी आता फाट्यावर उतरतात आणि चार पावलांत गावात असतात. बिबट्या आहे तिथेच आहे, वाट बघत. माझ्या खऱ्या बातम्यांनी जे इतकी वर्षं झालं नाही, ते त्या एका चुकीने करून टाकलं. ह्याचा आनंद मानायचा की नोकरी सोडायची, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

परवा इंदूताईंनी द्राक्षं खायला बोलावलं म्हणून मी त्याच बसने निघालो. कंडक्टरने विचारलं, 'कुठं?'

'मोगरवाडी.'

'दुर्बीण फाटा म्हणा ना मंग!' त्याने तिकीट फाडलं.

शेजारी एक आजोबा बसले होते. त्यांना माझी कीव आली असावी. म्हणाले, 'दुर्बीण बघाय निघालात व्हय? तिथं काय नाय बरं. एका पेपरवाल्यानं उगंच उठवलं व्हतं.'

मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, 'असं? कोण होता हो?'

'काय ठावं. पण लय भला माणूस. त्याच्यामुळं बस थांबली बघा.' आजोबांनी तंबाखू मळत जरा विचार केला. 'बिचाऱ्याला लिहिता येत व्हतं. वाचता तेवढं येत नसंल.'