फिनटनच्या थडग्यावरची खुर्ची

आमच्या टेकडीवर ईस्टरपासून एक बातमी फिरते आहे: डिम्पना ब्रेस्लिननं बुरखेवाल्या सहा जणांना फावड्यानं दफनभूमीबाहेर हाकललं. बसस्टॉपवर सहा होते, चिप्सच्या दुकानापर्यंत नऊ झाले आणि एकाचा दात पडला. मी तिथंच होते. फावडं नव्हतं. घडीची खुर्ची होती, निळ्या पट्ट्यांची, समुद्रावर नेतात तसली. आणि तिनं कुणालाही हाकललं नाही. ती फक्त बसली.

डिम्पना आमच्या शाळेच्या खानावळीत जेवण वाढते. साठीला टेकलेली, बुटकी, केसांवर जाळी. तिचा होकार श्वास आत ओढत येतो, गरम चहाचा घोट घेतल्यासारखा. नकाराला आवाजच नसतो. पळी हवेत थांबते, बस्स. तिची नक्कल अख्ख्या डेरी शहरात माझ्याइतकी चांगली कुणी करत नाही, हे तीही मान्य करते.

फिनटन तिचा भाऊ. एकोणिसाव्या वर्षी ब्रिटिश सैनिकांच्या गोळीनं गेला. तेव्हा तो ब्रिटिशांशी लढणाऱ्या जुन्या संघटनेत होता. पुढे जुन्यांनी शस्त्रं खाली ठेवली, निवडणुका लढवल्या, टाय बांधले. काहींना ती गद्दारी वाटली, ते वेगळे झाले. मग त्यांच्यातही फूट पडली. त्या फुटलेल्यांतून जे फुटले, ते आमच्याकडचे मॅनस डेव्हनी आणि त्याची माणसं. आधीच्यांशी यांचं नेमकं कशावरून बिनसलं हे फक्त मॅनसला सांगता येतं, आणि त्यालाही त्यासाठी दुसरा ग्लास लागतो. लढा संपलेला नाही, एवढं मात्र सगळ्यांना पाठ.

नव्या संघटनेकडे सगळं असतं: झेंडा, बासरीवाल्यांचा ताफा, भिंतीवर रंगवायला घोषणा. फक्त मेलेले नसतात. ते उसने घ्यावे लागतात.

ईस्टरला आमच्याकडे दफनभूमीत हुतात्म्यांची नावं वाचतात. मागच्या वर्षी मॅनसनं थडग्यापाशी फिनटनचं नाव ‘आमचा सैनिक’ म्हणून वाचलं. डिम्पना गर्दीत होती, ऐकून घरी गेली. त्या उन्हाळ्यात आमच्या शाळेतला ओरन टोलंड त्यांच्यात गेला. हिवाळ्यात कुणाच्या तरी मागच्या शेडमध्ये बॉम्बच्या पाइपात दारू ठासताना त्याची तीन बोटं उडाली. शाळेत परतला तेव्हा ताट डाव्या हातानं पुढे करत होता. डिम्पनानं त्याला हळूच विचारलं, कुणासाठी रे गेलास? तो म्हणाला, फिनटनसाठी.

रांग तशीच उभी राहिली. पळी हवेत.

तिथंच तिचं ठरलं. यंदा ते नाव त्यांच्या तोंडून निघणार नाही आणि त्यांचं पुष्पचक्र त्या थडग्यावर पडणार नाही. तसं तिनं मॅनसच्या घरी जाऊन सांगितलंही. मॅनसनं तिला खुर्ची दिली, बिस्किटं दिली आणि समजावलं, की हुतात्मा एका घराचा नसतो. टायवाल्यांना वास लागला. ते आले आणि म्हणाले, आपण मिळून निषेधाचं पत्रक काढू. त्यांना तिनं बिस्किटंही दिली नाहीत. तो तुमचाही नाही, म्हणाली.

ईस्टर सोमवारी ती सकाळीच गेली. थडग्यावरच्या पांढऱ्या खडीवर खुर्ची उघडली, मांडीवर थर्मास, पिशवीत अंडं-कांद्याची सँडविचेस. मी सोबतीला. दुपारी बासऱ्या ऐकू आल्या. पुढे झेंडेवाले, काळे चष्मे, नाकापर्यंत बुरखे. फाटकाबाहेर पोलिसांची गाडी, तिच्यावर कॅमेरा.

मॅनस बोलतो तेव्हा प्रत्येक शब्दामागे एक वीट ठेवतो. “डिम्पना. फिनटन. आमचा. सैनिक होता.”

“तो मेला तेव्हा तुझी संघटना जन्मालाही आली नव्हती, मॅनस. तू शेंबडा होतास. सायकलवर फिरायचास, आणि ती सायकलही फिनटनचीच होती.”

मागे कुणीतरी खोकल्यात हसू दडवलं. मॅनसनं मान हलवली तशी दोन बुरखेवाली पोरं पुढे आली आणि दोन्ही बाजूंनी खुर्ची धरली. उजवीकडच्याच्या दुसऱ्या हातात पुष्पचक्र होतं. डिम्पनानं त्याच्या चष्म्याआडच्या डोळ्यांत पाहिलं. मग अगदी खालच्या आवाजात, मला जेमतेम ऐकू येईल असं म्हणाली, “तू ताटातले मटार बाजूला काढणारा ना? सावकाश उचल बाळा. पाठीत उसण भरेल.”

नाव तिनं घेतलं नाही. कॅमेऱ्यासमोर आमच्याकडे नाव घेत नाहीत. पण त्या पोराचे कान बुरख्याबाहेर लालेलाल झाले आणि त्यानं हात काढला. दुसऱ्यानं एकट्यानं ओढून पाहिलं. खुर्ची एका बाजूला कलली, चहा सांडला, डिम्पना हलली नाही. त्यानंही सोडलं.

मॅनसनं कागद उघडला. नावं वाचू लागला. फिनटनच्या जागी आला, थांबला, तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघतच होती. मग त्यानं पुढचं नाव वाचलं.

पण पुष्पचक्र अजून त्या मटारवाल्याच्या हातात होतं, आणि ती क्षणभर जरी उठली तरी ते खडीवर टेकणार होतं. हे मलाही कळत होतं, म्हणून तर सकाळी सँडविच खाताना मी तिच्याशी पैज लावली होती: राष्ट्रगीताला तू उठशीलच, मिस. आमच्याकडे राष्ट्रगीताला कंबर मोडलेली आजीसुद्धा उठते. मी हरले, तर उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत रोज तिच्या हातचा सलगमाचा लगदा खायचा, नाक न मुरडता.

शेवटी आयरिश राष्ट्रगीत सुरू झालं. सगळे ताठ झाले. मीही झाले, पाय आपोआप जुळतात. डिम्पना बसूनच गायली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मोठ्यानं, एकही शब्द न चुकता. संपल्यावर त्या पोरानं पुष्पचक्र काखेत मारलं आणि रांगेत परत गेला.

आज ईस्टरची सुट्टी संपून शाळा उघडली. तिनं माझ्या ताटात लगद्याच्या दोन पळ्या वाढल्या.